उपाशी वाफा आणि शाल्मली टिटवी

एका जंगलात एक शेत होतं. तुम्ही लगेच विचाराल, जंगलात शेत कसं? मुलांनो, गोष्टीत असे प्रश्न विचारायचे नसतात. असे प्रश्न विचारणाऱ्याचं काय होतं, तेच तर आज सांगायचं आहे.

तर शेत होतं. नाचणीचं. ओढ्यापासून मोहाच्या झाडापर्यंत पसरलेलं आणि साऱ्या जंगलाच्या मालकीचं. थंडीत रानात काही मिळेनासं झालं की सगळे याच नाचणीवर जगत. माती अशी काळीभोर, की घुबडाला भरदुपारी तिच्याकडे बघूनच झोप यायची.

माती काळी होती त्याला कारण होतं. पानगळ झाली की फाल्गुनातल्या अमावास्येला प्रत्येकानं एक ओझं पाचोळा शेतात आणून टाकायचा. रानडुकरानं रानडुकराएवढं, खारीनं खारीएवढं. याला पानओझं म्हणत. ते का टाकायचं हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. आजा टाकायचा म्हणून बाप टाकायचा, बाप टाकायचा म्हणून आपण. रीत चांगली असली की तिचं कारण विसरायची सोय असते.

कारण ठाऊक असलेली एकटी शाल्मली. शाल्मली टिटवी. पिवळे लांब पाय, डोळ्यांपाशी लाल ठिपका आणि छातीत कायमची धडधड. ती नदीपलीकडच्या विद्यालयात मातीचं शास्त्र शिकून आली होती. पहाटे गवताच्या पात्यावरचा दवाचा थेंब चिमूटभर मातीवर धरायचा आणि त्यातून बघायचं, अशी तिची पद्धत. थेंबातून तिला मातीतली चिमुकली मंडळी दिसत. गोल, लांबट, शेपटीवाली. एका चिमटीत साऱ्या जंगलाच्या खानेसुमारीहून जास्त. पानं कुजवणारी तीच, मुळांना घास भरवणारीही तीच. दिसत नसल्यामुळे त्यांची नावं मतदारयादीत नव्हती.

इतकं शिकूनही शाल्मलीचा घाबरटपणा गेला नव्हता. पान पडलं तरी ती दचके. दचकली की ओरडे. आणि टिटवी ओरडली की अपशकुन, हे जंगलात पोरासोरांनाही ठाऊक. तिचा आवाज कानावर आला की त्या दिवसाचं काम तिथंच थांबवायचं आणि दुसऱ्या दिवशी मांडायचं, असा नियमच होता. म्हणून सभेत टिटवीनं फक्त कुजबुजावं, असा दुसरा नियम केलेला होता. शाल्मली तो काटेकोर पाळे. त्यामुळे तिनं सभेत मांडलेलं शास्त्र आजवर कुणालाही ऐकू गेलेलं नव्हतं.

एका ज्येष्ठात घाटापलीकडून कस्तुरेसाहेब आले. हे उदमांजर. अंगाला घमघमाट, आवाजात मध, पाठीवर काळ्या तुंब्यांची माळ. प्रत्येक तुंब्यावर पळसाच्या पानाची चिठ्ठी आणि चिठ्ठीवर नाव, श्यामसत्त्व.

मोहाखाली सभा भरली. साहेबांनी तुंब्यातला एक थेंब ओढ्याच्या डबक्यात सोडला. डबकं काळं झालं. सगळ्यांनी श्वास रोखला. साहेब म्हणाले की मातीचा सगळा जोर तिच्या काळेपणात असतो आणि तो काळेपणा त्यांनी तुंब्यात भरला आहे. एक तुंबा घाला, मुळं पळत सुटतील, मातीतले जीव नाचू लागतील, नाचणी दुप्पट येईल. मोबदला? मोबदला कसला घ्यायचा आपल्या माणसांकडून. पानगळीचा तो कचरा पडलेला असतो ना, तेवढा न्यायची परवानगी असावी.

“म्हणजे आमचा केर तुम्ही नेणार आणि वर हे देणार?” सरपंचांनी विचारलं. सरपंच म्हणजे आबा गवा. वजनदार व्यक्तिमत्त्व. बसले की उठायला त्यांना दुसरी सभा लागे.

“बुडतोय हो मी यात,” साहेब म्हणाले. “पण समाजासाठी.”

शाल्मली आबांच्या कानाशी गेली आणि धडधडत्या छातीनं कुजबुजली, की आधी थोड्या जागेत करून बघू या. आबांना प्रयोग वगैरे कळत नव्हतं. पण निर्णय लांबणीवर टाकायची कुठलीही सूचना त्यांना आवडे. त्यांनी मान हलवली. कार्तिकात काय उगवतं ते बघायचं आणि पानगळीच्या वेळी ठरवायचं, असं ठरलं.

शाल्मलीनं शेताच्या कडेला दोन वाफे आखले. तीच माती, तेच बी, तेवढंच पाणी. एकात श्यामसत्त्व. दुसऱ्यात काही म्हणजे काही नाही.

सभेचं टिपण साळूताई ठेवायच्या. साळूताई म्हणजे साळिंदर. प्रत्येक टिपणाला त्यांना पाठीतला एक काटा उपटावा लागे, म्हणून त्या मोजकंच लिहीत. शाल्मलीनं सांगितलं होतं, “ज्यात तुलनेसाठी काहीही घातलेलं नाही असा वाफा.” साळूताईंनी लिहिलं, उपाशी वाफा. तीच पाटी वाफ्यावर लागली.

इथंच घात झाला, मुलांनो.

कारण त्या जंगलात दोन गोष्टी फार कसोशीनं पाळल्या जात. एक, दारात कुणाला उपाशी ठेवायचं नाही. आणि दोन, कुणाला काही दिलं तर ते सांगायचं नाही, सांगितलं की पुण्य जातं. पाटी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी सगळं जंगल त्या वाफ्यावरून जाता येता हळहळू लागलं. शेजारच्याला तुंबा भरभरून आणि याला पाण्यावर ठेवलंय. शिकलेल्यांना मन नसतं.

आठवड्याभरात शाल्मलीला उपाशी वाफ्यात शेण दिसलं. ताजं. ती दचकली, पण चोच मिटून धरली. मग एक दिवस माशाची खवलं. मग कुजका फणस. मग सालं, कोंडा, मुंग्यांच्या वारुळाची माती. दुपारी सगळे सावलीला गेले की कुणीतरी हळूच येऊन जाई.

ती विचारत फिरली. आबांना विचारलं, तर ते आभाळाकडे बघत म्हणाले की शेण काय, ते कुठंही पडतं. खंड्या म्हणाला की त्यानं आयुष्यात मासा खाल्लेला नाही. साळूताईंनी तर पाठ फिरवली. साळूताईंनी पाठ फिरवली की विषय संपतो.

“तुम्ही सगळे मिळून माझा प्रयोग बिघडवताय,” शाल्मली रडवेली होऊन म्हणाली.

“आम्ही कुठं काय केलंय?” साळूताई म्हणाल्या. “आणि पोरी, केलं असतं तरी कुणाच्या तोंडचा घास काढला असता का? घातलाच असता ना?”

शाल्मली बांधावर जाऊन बसली. तिथं गांडूळमावशी राहत. काही जण त्यांना गांडूळकाका म्हणत. दोन्ही बरोबर होतं आणि त्यांची कशालाच हरकत नव्हती. शाल्मलीशी सविस्तर बोलणारं जंगलात एवढं एकच कुणीतरी होतं. एरवी टिटवी गांडूळ दिसलं की गिळते. पण शिक्षणाचा काहीतरी परिणाम होतोच.

शाल्मलीनं विचारलं, की मावशी, त्या तुंब्यात नक्की आहे काय?

“ढेकर,” मावशी म्हणाल्या.

शाल्मलीला कळलं नाही.

“अगं, तुम्ही पाचोळा आणून टाकता, ती आमच्या आळीतली पंगत. आधी वाळवी बसते, मग मी, मग ते तुझे दवाच्या थेंबातले. सगळ्यांचं जेवण झालं की काळं काळं काही उरतं. मातीला धरून राहतं, ओल धरतं. तो आमच्या पंगतीचा ढेकर. कस्तुरे रानोरानचा पाला नेतो, दरीत कुजवतो, त्याचा काळा अर्क काढतो आणि तुंब्यात भरून पाला देणाऱ्यालाच देतो. ढेकर वाईट नसतो गं. ज्याच्या घरी काहीच शिजत नाही त्याला वासानंसुद्धा हुशारी येते. पण पंगत उठवून नुसता ढेकर वाढला, तर किती दिवस जेवशील?”

शाल्मली शास्त्राची मुलगी. कुणाच्या सांगण्यावर जाणारी नव्हती. तिनं एक तुंबा वरच्या खडकाळ माळावर नेला. तिथं ना पाला, ना ओल. तिथं पेरलेल्या नाचणीची मुळं श्यामसत्त्वानं खरोखरच बोटभर जास्त लांबली. मग ती वाफ्यांकडे आली. श्यामसत्त्वाच्या वाफ्यात थेंबातली मंडळी तीन-चार दिवस लगबगीनं फिरली आणि मग पुन्हा पूर्वीसारखी निवांत झाली. काळ्या मातीला काळेपणाचं काय कौतुक? उपाशी वाफ्यात मात्र अशी झुंबड होती की थेंबात बघताना तिला घेरी आली.

कार्तिकात कणसं भरली. श्यामसत्त्वाच्या वाफ्यात ती बाकीच्या शेतासारखीच आली, फार तर दाणाभर जास्त. आणि उपाशी वाफ्यात? प्रत्येक कणीस मूठ आवळल्यासारखं टच्च. धाटं ओझ्यानं वाकलेली.

सगळं जंगल वाफ्यांपाशी जमलं. कस्तुरेसाहेबांनी एकदा या वाफ्याकडे, एकदा त्या वाफ्याकडे बघितलं.

“बघितलंत?” ते म्हणाले. “घातलं ह्या वाफ्यात आणि उगवलं त्या वाफ्यात. याला दूरप्रभाव म्हणतात.”

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांनीच वाजवल्या, ज्यांनी गुपचूप शेण आणि फणस टाकला होता. दिलेलं सांगायचं नसतं ना. आणि खरं सांगू, काही जणांना तोवर आपण दिल्याचा विसरही पडला होता.

आबांनी शाल्मलीला मत विचारलं. ती जमेल तेवढी चोच उघडून कुजबुजली, की प्रयोग बिघडलेला आहे, उपाशी वाफा उपाशी नव्हता, श्यामसत्त्वानं माळावर थोडासा फरक पडतो पण आपल्या शेतात पडत नाही, आणि पाला मात्र जाऊ देऊ नका. मागं बसलेल्यांना फक्त चोच हलताना दिसली. कस्तुरेसाहेब पुढं बसले होते. त्यांनी सगळं नीट ऐकलं.

पुढच्या तुंब्यांवर नवी चिठ्ठी आली. “फरक पडतो. – शाल्मली टिटवी, मृदातज्ज्ञ.”

शाल्मलीनं ती दोनदा वाचली. खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. अक्षरं फक्त कमी होती.

माघ गेला, फाल्गुन आला. सागाची पानं उतरली, पळसाची उतरली. आता ठराव व्हायचा होता. यंदापासून पानओझं बंद. सगळा पाचोळा कायमचा कस्तुरेसाहेबांकडे. शाल्मलीला पुढचं लख्ख दिसत होतं. पहिल्या वर्षी काही कळणार नाही. दुसऱ्या वर्षी पंगत उठेल. मग थेंबात कुणी दिसेनासं होईल, मावशी खोल निघून जातील, माती भेगाळेल, आणि एका थंडीत सगळं जंगल रिकाम्या कोठाराबाहेर उभं राहील. त्या दिवशी कुणीतरी म्हणेल, दूरप्रभाव कमी पडला, तुंबे वाढवा.

वाचायला एकच फट होती. अमावास्येपर्यंत ठराव झाला नाही तर जुनी रीत चालू राहायची, असा नियम होता. अमावास्येला पाच दिवस उरले होते.

सभा भरली. आबांनी ठराव वाचला. ज्यांना मान्य आहे त्यांनी पाय वर करा. पाय वर होऊ लागले. शाल्मली मागं बसून मनातल्या मनात आपलं भाषण घोकत होती. सात मुद्दे होते. तेवढ्यात उन्हात ठेवलेल्या एका तुंब्यातला अर्क आंबला आणि त्याचं बूच फाट्कन उडालं.

शाल्मली दचकली. आणि ओरडली. असं ओरडली की मोहावरचे पोपट ओढ्यापलीकडे गेले.

वर गेलेले पाय खाली आले. अपशकुन, आबा म्हणाले, सभा उद्यावर.

सगळे तिच्याकडे डोळे वटारून निघून गेले. ती लाजेनं मान खाली घालून बांधावर गेली. मावशींना म्हणाली की इतकी वर्षं शिकले, आणि ऐन वेळी काय केलं, तर ओरडले.

“ठराव झाला का?” मावशींनी विचारलं.

“नाही.”

“तुझ्या सात मुद्द्यांनी राहिला असता?”

शाल्मलीनं बांधावरच्या मातीत लिहून ठेवलेले सातही मुद्दे पायानं पुसून टाकले.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. ठराव वाचला गेला. पाय वर होऊ लागले. बूच उडालं नाही, पान पडलं नाही, कुणी शिंकलंसुद्धा नाही. शाल्मली उठून उभी राहिली, सगळ्यांकडे एकदा शांतपणे बघितलं, आणि ओरडली. जन्मात पहिल्यांदा ती न घाबरता ओरडली होती. छातीत धडधड होती, पण ती वेगळी होती.

सभा उद्यावर.

तिसऱ्या दिवशी कस्तुरेसाहेब सकाळीच तिच्या घरट्यापाशी आले. मधाळ आवाजात म्हणाले की तिच्यासारख्या हुशार मुलीनं असं उघड्यावर राहावं हे बरं दिसत नाही. दरीत प्रयोगशाळा काढतोय. मुख्य सल्लागार व्हायचं. काम काही नाही, चोच मिटून बसायचं.

“विचार करून सभेत सांगते,” शाल्मली म्हणाली. सभेत तिनं सांगितलं. ओढ्यापलीकडे ऐकू गेलं.

चौथ्या दिवशीही तेच झालं. आता जंगल चिडलं. चिडून कुणी असं मात्र म्हणालं नाही, की पोरगी ओरडते तर ओरडू दे, आपण पाय वर करू. अपशकुन म्हणजे अपशकुन. साहेबांनीही एकदा हळूच सुचवून बघितलं की हे सगळं जुनाट आहे, विज्ञानाच्या काळात असं मानू नये. तेव्हा आबांनी त्यांच्याकडे असं बघितलं की साहेबांनी विज्ञान लगेच मागं घेतलं.

पाचवा दिवस शेवटचा. साहेबांनी रात्रभर डोकं लढवलं होतं. ते सावरीचा कापूस घेऊन आले. सगळ्यांनी दोन दोन बोळे कानात घालायचे. टिटवी ओरडेल, ऐकू येणार नाही. ऐकू आलं नाही तर अपशकुन लागत नाही. युक्ती सर्वांना पटली. आबांनी तर चार बोळे घातले.

सभा भरली. शाल्मलीनं बघितलं, प्रत्येकाच्या कानात पांढरं. तिची छाती पुन्हा जुन्यासारखी धडधडली. आज ओरडून उपयोग नव्हता.

आबांनी ठराव वाचला. खणखणीत आवाजात, शब्दन् शब्द. कुणाला ऐकू आला नाही. आबा म्हणाले पाय वर करा. कुणी केले नाहीत. आबांनी पुन्हा वाचला. रानडुकराला वाटलं टिटवी ओरडते आहे, म्हणून त्यानं बोळे आणखी आत सारले. त्याचं बघून सगळ्यांनी सारले. साहेब उठले आणि खुणा करून पाय वर करायला सांगू लागले. खारींना वाटलं साहेब नाचून दाखवताहेत. त्याही नाचल्या. साळूताईंनी एक काटा उपटला आणि काय लिहायचं ते ऐकू येण्याची वाट बघत बसल्या.

शाल्मलीनं तेवढ्यात एकच केलं. ती सभेच्या मधोमध गेली आणि चोच वासून उभी राहिली. आवाज काढलाच नाही. बघून सगळ्यांची खात्री पटली की टिटवी ओरडतेच आहे, म्हणजे बोळे काढायचे नाहीत. ऊन उतरलं. सावल्या लांबल्या. टिटवी चोच वासून उभी, जंगल कान बंद करून बसलेलं, आबा सतराव्यांदा ठराव वाचताहेत. आणि सूर्य डोंगराआड गेला.

दुसऱ्या दिवशी अमावास्या. जंगलानं कुरकुरत पानओझी उचलली. रानडुकरानं रानडुकराएवढं, खारीनं खारीएवढं. शेतावर गुडघाभर पाचोळा पडला. खाली पंगत बसली.

पुढच्या कार्तिकात पीक भरघोस आलं. कोठार भरलं. मोहाखाली मोठी सभा झाली आणि तिच्यात कस्तुरेसाहेबांना पानांची शाल आणि बेलफळ देण्यात आलं. ठराव होणारच म्हणून आणलेले त्यांचे चाळीस तुंबे वर्षभर कोठारात बंद पडून होते. न उघडता एवढं पीक, उघडले असते तर काय झालं असतं, असं आबा भारावून म्हणाले. साहेबांनी नम्रपणे सांगितलं की हा दूरप्रभावच, फक्त बुचाच्या आतून.

दुसरा ठराव शाल्मलीचा. चार दिवस अपशकुन केला आणि पाचव्या दिवशी सभेत बेअदबी, म्हणून तिनं शेताची हद्द सोडावी. या वेळी कुणाच्याच कानात बोळे नव्हते आणि सगळे पाय वर गेले. साळूताईंनी काटा उपटला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. पण ते काट्यामुळेही असू शकेल.

शाल्मली खडकाळ माळावर राहायला गेली. रात्री पाय आभाळाकडे करून झोपे. लोक म्हणत, टिटवी आभाळ पेलते. आभाळाचं तिला काही वाटत नव्हतं. दिवसा ती चोचीतून एक एक पान आणून दगडांच्या बेचक्यात ठेवी. महिन्यानं पानाखाली ओल धरली. मग एका सकाळी तिथली माती जरा हलली. शाल्मली दचकली, पण ओरडली नाही.

“फार लांब राहायला आलीस गं,” मावशी धापा टाकत म्हणाल्या. “खायला काय आहे?”

खाली शेताच्या कडेला तो वाफा तसाच होता. पाटीही होती, उपाशी वाफा. येणारे-जाणारे हात जोडत, आणि कुणी बघत नाही असं पाहून मूठभर काहीतरी टाकत.

तात्पर्य: लोकांची अंधश्रद्धा दूर करायची कधी घाई करू नये. शास्त्राला तिची केव्हा गरज पडेल, सांगता येत नाही.